गोव्यात लग्नाआधीचा करार चालतो

'भारतात लग्नाआधीच्या आर्थिक कराराला काडीची किंमत नाही' हे सरसकट विधान गोव्याला लागू पडत नाही. महाराष्ट्रात असा करार कोर्टात टिकवणं अवघड, हे खरंच. पण गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत आजही चालते आणि तिच्यात या कराराची रीतसर सोय आहे. वेगळं काही ठरवलं नाही, तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक होते, अगदी लग्नाआधीचीसुद्धा. वेगवेगळी ठेवायची असेल तर लग्नाआधीच नोंदणीकृत दस्त करावा लागतो. लग्न झाल्यावर तो बदलता येत नाही, म्हणून ही बोलणी साखरपुड्याच्या धांदलीत उरकू नका, कळकळीने सांगते.

सामाईक मालकीचा परिणाम तिथल्या घरांच्या खरेदीखतात दिसतो. भाऊ, त्याची बायको, बहीण, तिचा नवरा, सगळ्यांची नावं आणि सह्या. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोच्या संमतीवाचून त्याला ते विकता येत नाही. हे संरक्षण मला फार मोलाचं वाटतं. करार करून ते सोडणाऱ्या मुलीने आधी स्वतःचा वेगळा वकील गाठावा, सासरच्यांचा नव्हे.