नर्सरीतील संपर्क आणि लहान मुलांचे विलगीकरण: इंग्लंडचा नवा नियम योग्य आहे का?

(इंग्लंड-स्कॉटलंडमधील मराठी पालकांच्या ऑनलाइन गटातील चर्चा, सप्टेंबर २०२१; नियम आणि रकमा तेव्हाच्या. लिहिणाऱ्यांची नावे टोपणनावे आहेत.)

रेडिंगवासी

१६ ऑगस्टपासून इंग्लंडमध्ये साडेअठरा वर्षांखालील मुलांना, केवळ कोविडबाधित व्यक्तीच्या संपर्कात आली म्हणून, घरी बसून राहण्याची सक्ती उरलेली नाही. आपल्या मराठी पालकांच्या गटांत या नियमावर गेले काही आठवडे बरीच टीका चालू आहे. मला मात्र हा नियम योग्य वाटतो, आणि निदान नर्सरीच्या वयाच्या मुलांसाठी तरी तो खूप उशिरा आला असेही वाटते.

माझा मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये नर्सरीतील त्याच्या खोलीत एक जण बाधित निघाल्यामुळे खोलीतील सगळ्या मुलांना १४ दिवसांसाठी घरी पाठवले. नंतर मार्चमध्ये आणि जूनमध्ये हेच झाले. तोवर मुदत १० दिवसांची झाली होती, एवढाच फरक. तिन्ही वेळा त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही. फी मात्र तिन्ही वेळा पूर्ण भरावी लागली.

माझा मूळ आक्षेप पैशाचा नाही. मोठा माणूस एका खोलीत वेगळा राहू शकतो, ताट दाराशी ठेवले तरी त्याचे भागते. एवढ्याशा मुलाला भरवावे लागते, धुवावे लागते, रात्री तो रडत उठला तर कुशीत घ्यावे लागते. त्याला संसर्ग झालेलाच असेल तर तो मला पहिल्या एकदोन दिवसांतच मिळण्याची शक्यता मोठी. तरीही जुन्या नियमाप्रमाणे घरी राहायचे ते फक्त त्याने. मी कामावर, दुकानात, कुठेही जायला कायद्याची हरकत नव्हती. म्हणजे ज्याला वेगळे ठेवता येत नाही त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्याकडून ज्यांना संसर्ग होणार त्यांना मोकळे सोडायचे, असा हा प्रकार होता. शिवाय २८ सप्टेंबर २०२० पासून हे कायदेशीर बंधन होते, दंड १,००० पौंडांपासून पुढे, आणि मूल अल्पवयीन असल्यामुळे जबाबदारी पालकांची.

आता पैशाचे. मूल संपर्कात आले म्हणून घरी राहिलेल्या आईला आठवड्याला ९६.३५ पौंडांचे वैधानिक आजारवेतनही मिळत नाही, कारण ती स्वतः आजारीही नसते आणि विलगीकरणातही नसते. विलगीकरणामुळे कमाई बुडणाऱ्यांसाठीची ५०० पौंडांची सरकारी मदत अशा पालकांना लागू झाली ती ८ मार्च २०२१ पासून, आणि मुख्य योजनेसाठी सरकारी भत्ता घेत असणे आवश्यक आहे. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा हक्क नसल्याचा शिक्का आहे, अशा आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांना तो भत्ता मुळात घेताच येत नाही. माझे काम रोजंदारीच्या कंत्राटावर आहे आणि नवरा रुग्णालयाच्या औषध विभागात असल्याने त्याला घरून काम करणे शक्य नाही. मुलाचे विलगीकरण म्हणजे प्रत्यक्षात माझे विलगीकरण, आणि तेही बिनपगारी.

खडूफळा

आपली अडचण खरी आहे. मात्र आपण सगळा हिशोब घराच्या बाजूने मांडला आहे. मी बर्मिंगहॅमजवळच्या एका नर्सरीत दोन वर्षांखालील मुलांच्या खोलीत काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

या वयोगटात तीन मुलांमागे एक कर्मचारी असावा लागतो, दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण चारास एक आहे. ही मुले मास्क लावू शकत नाहीत, आम्ही त्यांच्यापासून दोन मीटर दूर राहू शकत नाही, आणि दिवसभरात किती वेळा लंगोट बदलावा लागतो आणि किती वेळा कुणाचे नाक पुसावे लागते, याची मोजदाद ठेवणेही अशक्य आहे. जानेवारीच्या टाळेबंदीत शाळा बहुतेक मुलांसाठी बंद झाल्या, पण नर्सऱ्या चालूच ठेवल्या. लसीच्या रांगेत मात्र आम्हाला व्यवसाय म्हणून अग्रक्रम मिळाला नाही. रांग वयाची होती. माझ्या बहुतेक सहकारी विशी-पंचविशीतल्या आहेत. अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली १८ जूनला, दोन डोसांमध्ये आठ आठवडे धरले तर तेव्हा रांगेत उभी राहिलेली मुलगी ऑगस्टच्या मध्यावर कुठे दुसऱ्या डोसापर्यंत पोहोचते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपण ज्याचे स्वागत करता तो नियम आला.

माझा राग विलगीकरण काढून टाकल्याचा नाही. मोठ्या मुलांना निदान पीसीआर चाचणी करून घ्या असे सांगितले जाते. पाच वर्षांखालील मुलांना, बाधित व्यक्ती त्यांच्याच घरातली नसेल तर, तेवढेही सांगितले जात नाही. नर्सरीत शेजारच्या खाटेवर झोपलेले मूल बाधित निघाले तरी आपल्या मुलाला घरीही ठेवायचे नाही आणि त्याची चाचणीही करायची नाही, तर मग करायचे काय? थर्मामीटर घेऊन आम्ही दारात उभे राहायचे? जुना नियम बोजड होता हे मान्य, पण तो काढल्यावर त्या जागी काहीच ठेवले नाही.

ग्लासगोकर

दोघींनाही एक माहिती. स्कॉटलंडमध्ये ९ ऑगस्टपासून पाच वर्षांखालील मुलांना विलगीकरण नाही. चाचणीला प्रोत्साहन आहे, सक्ती नाही. म्हणजे खडूफळा यांना हवे आहे त्याच्या जवळ जाणारे काहीतरी शेजारी घडते आहे. अर्थात प्रत्यक्षात चाचणी करून घेणे हे पालकांवरच सोडलेले आहे. हातपाय झाडणाऱ्या मुलाच्या नाकात काडी घालण्याचा प्रसंग ज्यांनी अनुभवला आहे त्यांना, स्वेच्छेवर सोडलेली चाचणी किती घरांत होईल, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेली २०१ शाळा-महाविद्यालयांतली पाहणी याच महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. तीत संपर्कातल्या विद्यार्थ्यांना घरी बसवण्याऐवजी रोज लॅटरल फ्लो (काही मिनिटांत निकाल देणारी) चाचणी करून शाळेत येऊ दिले, आणि संसर्गात लक्षणीय वाढ दिसली नाही. हा निष्कर्ष नव्या नियमाच्या समर्थनार्थ सर्रास पुढे केला जातो; परंतु ती मुले माध्यमिक शाळेच्या वयाची होती आणि त्यांची रोज चाचणी होत होती. नर्सरीतल्या मुलांची चाचणीच होत नाही. त्यामुळे रेडिंगवासी यांची बाजू मला पटली तरी तिला या पाहणीचा आधार घेता येणार नाही.

सूनबाई लेस्टर

माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेही आणि आमच्याच घरी राहणाऱ्या. दोन्ही डोस झालेले आहेत, तरी कोविडच्या डेल्टा प्रकाराची भीती आहेच. नर्सरीतून आणलेल्या माझ्या मुलीला दुपारी तीन वाजल्यापासून त्याच सांभाळतात. नवीन नियम काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आई, बाप आणि मूल असे घर असावे. आजीच्या मांडीवर बसून जेवणारे मूल त्यात दिसत नाही. जूनपर्यंत नर्सरीकडून त्याच दिवशी फोन येत असे आणि आम्ही निदान आजी-नातीचे जेवण वेगळे करत असू. १९ जुलैपासून संपर्क शोधण्याचे काम नर्सरीकडे उरले नाही, ते टेस्ट अँड ट्रेस या सरकारी यंत्रणेकडे गेले. ज्यांना घरून काम करता येते आणि ज्यांच्या घरात म्हातारे माणूस नाही, त्यांना हे सोपे आहे.

कोथरूडचे आजोबा

इथे पुण्यात माझी धाकटी नात साडेतीन वर्षांची आहे आणि तिने बालवर्गाचा उंबरठा अजून पाहिलेला नाही, कारण मार्च २०२० पासून तो बंदच आहे. १० दिवस की ० दिवस असा वाद तुम्हाला घालता येतो, याचा मला थोडा हेवा वाटतो. मुलगी तिकडे हाउन्स्लोमध्ये असते. एरवी अशा वेळी आम्ही दोघे जाऊन तिच्या मुलाला सांभाळले असते. पण २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे प्रवासावर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या देशांत होता, आमच्यासारख्या व्हिसावर येणाऱ्यांना तर प्रवेशच नव्हता, आणि नागरिक असलेल्या तिच्या मैत्रिणीने हॉटेलातल्या सक्तीच्या विलगीकरणाचे १,७५० पौंड मोजले ते वेगळेच. आजी-आजोबा हीच ज्या घरांची राखीव फळी, त्यांची ती फळी नियमांनीच काढून घेतली होती. तेव्हा रेडिंगच्या ताईंचा वैताग मला कळतो. तरी लेस्टरच्या सूनबाईंच्या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर द्यावे.

रेडिंगवासी

उत्तर देते, आजोबा. सूनबाईंच्या घरात जोखीम आहे हे मी नाकारत नाही. परंतु जुन्या नियमाने ती कमी होत होती का? मुलगी १० दिवस नर्सरीत गेली नसती तर सबंध दिवस आजींपाशीच राहिली असती. त्यांना उपयोगी पडत होता तो नर्सरीचा फोन, विलगीकरण नव्हे. तो फोन बंद होणे ही चूक आहे, आणि तेवढ्यापुरती मी माझी मूळ भूमिका बदलते.

खडूफळा यांच्या प्रश्नावर मात्र मी निरुत्तर आहे. कर्मचाऱ्यांचा विचार मी केलाच नव्हता. फी भरतो म्हणून आपण ग्राहक होतो आणि पलीकडच्या माणसाकडे बघत नाही, तसे काहीसे झाले. बाधित मूल असलेल्या खोलीतील प्रत्येक मुलाची एकदा चाचणी व्हावी आणि निकाल येईपर्यंत, म्हणजे एकदोन दिवस, मूल घरी राहावे, एवढ्याला माझी तयारी आहे. चौदा दिवसांना नव्हती.

खडूफळा

एकदोन दिवसांना आमचीही हरकत नाही. फक्त एक सांगते. गेल्या आठवड्यात आमच्या खोलीतील दोघी स्वतः बाधित निघाल्या. तिसरीचा दुसरा डोस राहिला होता, म्हणून तिला संपर्कामुळे घरी बसावे लागले. तिनास एकाचे प्रमाण राखणे शक्य नव्हते, तेव्हा व्यवस्थापिकेने खोलीच बंद केली. नऊ मुले सहा दिवस घरी राहिली, आणि त्यांतील एकालाही नियमाने विलगीकरण नव्हते.