मदत हवी आहे: सव्वाचार वर्षांची मुलगी, आकड्यांचं वेड. घरी कोणतं साहित्य आणू?

इंदूरहून लिहितेय. लेकीला शाळेत पुढच्या वर्षी घालायचं ठरलंय, तोवर घरीच. तिला आकड्यांचं असं वेड लागलंय की पोह्यांवरचे डाळिंबाचे दाणे मोजून झाल्याशिवाय पहिला घास जात नाही. पोहे गार, मी गरम.

खजुरी बाजारातून '१ ते १००' गिरवायच्या दोन वह्या आणल्या. बाईसाहेबांनी पंधरा दिवसांत संपवल्या. मी खूश. मग एकदा 'पंचवीस लिही' म्हटलं, तर तिने ५२ लिहिलं. चूक म्हणावी तर कशी? आधी 'पंच' ऐकू येतं, तिने आधी पाच काढला. घरात आजी मराठीत मोजते, गल्लीत लपाछपीला मुलं हिंदीत मोजतात. परवा खांबाला डोळे टेकवून ही मोजत होती: "सत्तावीस, अठ्ठावीस, नवावीस, दहावीस!" सगळी पोरं हसली, ही रुसून घरात. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरातला १ तिला इंग्रजी नऊ वाटतो, तो घोळ वेगळाच.

ऑनलाइन मोन्टेसरीचे संच पाहिले आणि किंमत पाहून गप्प बसले. सासूबाईंच्या भिशीतल्या बायका अबॅकसच्या क्लासला घाला म्हणतात. नक्की काय घेऊ? आणि मोजायला कोणत्या भाषेत शिकवू? धाकटा एक वर्षाचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो, हेही लक्षात घ्या.

रामबागवाली
अगं, 'नवावीस' म्हणाली म्हणजे पोरीला दशकाची रचना कळलीय, तिचं कौतुक कर! तीस वर्षं बालवाडी चालवली मी, हे 'नवावीस' दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच.

संच-बिंच नको. गणितमाळ कर. शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, असे आलटून पालटून. दोन खिळ्यांना आडवी ताणून बांध, धाकट्याच्या हाताबाहेर. कपड्यांचा चिमटा एकोणतिसाव्या मण्यानंतर लाव. तीन गट भरत आलेत, एकच मणी बाहेर राहिलाय, हे तिला डोळ्यांनी दिसू दे. मग सांग, तिसाला एक ऊन, म्हणजे कमी, म्हणून एकोणतीस. हिंदीतल्या 'उनतीस'मध्येही तोच 'ऊन' आहे. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात, मग भांडण कशाला?

पंचवीसलाही तेच. आधी दोन गट दाखव, मग पाच सुटे. लिहायचं त्याच क्रमाने. बोलताना उलटं येतं हे तिला सरळ सांगून टाक, मुलांना अशा गमती आवडतात.

बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंवर बालवाडी चालवली. ताराबाईंचं बालपण तर आपल्या इंदुरातलंच. तुझ्याकडे धाकटा आहे म्हणून एरवी सांगितले असते ते चिंचोके नकोत, बरण्यांची मोठी झाकणं घे.

बडोदेकर
आमच्याकडे तिसरी भाषा, गुजराती. तिथेही ओगणत्रीस, म्हणजे तोच प्रकार. गंमत ८९ ला येते: हिंदीत नवासी, गुजरातीत नेव्यासी, म्हणजे ऐंशी आणि नऊ, मराठी मात्र हट्टाने एकोणनव्वद. ९९ ला तिन्ही भाषा सरळ, नव्वद आणि नऊ. आमचा मुलगा दोन्ही म्हणायचा, काही बिघडलं नाही. एका वेळच्या मोजणीत भाषा बदलायची नाही, एवढंच पाळलं.

सापशिडी इतक्यात आणू नका. ओळ संपली की पट उलट दिशेने फिरतो आणि लहान मुलं हरवतात. पुठ्ठ्यावर एक ते दहा सरळ घरं आखा. सोंगटी पाचवर असेल आणि फाशावर दोन पडले तर 'एक, दोन' नाही, 'सहा, सात' म्हणत पुढे न्यायची. फरक इथेच पडतो.

पाटीपेन्सिल
२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीससाठी 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी पण नाकं मुरडली होती. आता नातवाला शिकवताना दोन्ही म्हणते. अबॅकसचं म्हणाल तर थोडं थांबा. आमच्या नातीला वेग आला, पण आठ चेंडूंतले तीन दिले तर उरले किती, हे विचारलं की आधी हवेत बोटं हलायची.

रामबागवाली
एक राहिलंच. चार कवड्या घेऊन अष्टचंग खेळा. जितक्या उताण्या तितकं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. आठवड्याभरात न मोजता, नुसतं बघून 'तीन!' म्हणायला लागेल. खेळ झाला की कवड्या वर ठेवायच्या.

धागाकर्ती
काकू, माळ झाली! रुखवतातलं मण्यांचं तोरण उसवलं (आईला सांगू नका). निळे-पांढरे मिळून चौऱ्याण्णवच निघाले, शेवटी शर्टाची सहा बटणं ओवली. काल लेकीने चिमटा स्वतः एकोणचाळिसावर लावला आणि ओरडली, "आई, याला एक ऊन आहे!" ५२ अजून अधूनमधून येतंय. वह्या ती स्वतः मागते, म्हणून दिवसाला एक पान चालू ठेवलंय. अबॅकस तूर्त रद्द, भिशीला मीच जाणार नाही.

आता कवड्या. राजवाड्याजवळ पूजेच्या दुकानात मिळतात त्या पिवळ्या बारीक कवड्या चालतील का? की मोठ्याच हव्यात?