जास्वंदीचं तेल दर वेळी बिघडतं. शिवाय प्राजक्त, अडुळसा, सदाफुलीबद्दल

अंगणवेल:
अंगणात एकेरी लाल जास्वंद, प्राजक्त, अडुळसा आणि सदाफुली आहे. जास्वंदीची फुलं वाटून खोबरेलात उकळते, पण पंधरा दिवसांत बाटलीच्या तळाशी पांढरी बुरशी धरते आणि तेलाला साबणासारखा वास येतो. कुठे चुकतंय? प्राजक्ताच्या पानांचा काढा कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळांवर देतात, त्याचं माप काय? अडुळशाचा रस निघता निघत नाही. आणि सासऱ्यांना कुणी तरी साखरेसाठी रोज सदाफुलीची पाच पानं चावायला सांगितली आहेत. चालेल का?

तुळशीकट्टा:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: सदाफुली आजच बंद करा. साखरेवरचं औषध म्हणून जमैकात तिच्या पानांचा चहा पीत असत. ती पानं कॅनडात नोबल आणि बिअर या संशोधकांनी तपासली. तोंडावाटे दिलेल्या अर्काने साखर हलली नाही, पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. त्याच शोधातून 1958 साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. म्हणजे या झाडात जे आहे ते अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी तयार होतात त्या गाभ्यावर, घाव घालतं. कुठल्या पानात ते किती आहे हे घरी मोजता येत नाही, त्यामुळे ‘पाचच पानं’ या हिशेबाला काही अर्थ नाही. सासऱ्यांनी बरेच दिवस खाल्ली असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. साखरेच्या गोळ्या मात्र स्वतःहून कमीजास्त करू नका.

रसशाळा:
तेलाचं दुखणं एकच, आत राहिलेलं पाणी. ताज्या पाकळ्यांत पाणीच जास्त. ते पुरतं आटलं नाही की तळाशी बसतं, तिथे बुरशी धरते. ओलाव्याने खोबरेलातली स्निग्धाम्लंही सुटी होतात, साबणासारखा वास त्यांचाच.

स्नेहपाकाचं, म्हणजे वनस्पती घालून तेल शिजवण्याचं, जुनं माप असं: कल्क (वाटून केलेला गोळा) एक भाग, तेल चार भाग, पाणी सोळा भाग. म्हणजे 200 ग्रॅम खोबरेल, 50 ग्रॅम वाटलेली फुलं (काट्यावर तोला, फुलं मोजून भागत नाही, देठ आणि हिरवा भाग काढून टाका) आणि 800 ग्रॅम पाणी. एवढं पाणी कशाला, असं वाटेल. पाणी आहे तोवर कल्क करपत नाही आणि त्यातला अंश सावकाश उतरतो. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आणि उलथनं तळाला लागेल असं ढवळत राहायचं, कारण जास्वंदीचा कल्क चिकट असतो, बुडाला पटकन धरतो.

खरी कसोटी शेवटच्या काही मिनिटांत. कल्काचा कण बोटांत वळून पाहा. वात वळली गेली, बोटाला चिकटली नाही आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी संपलं. तडतडली तर अजून आहे. पाणी संपलं की तेलावर फेसही चढतो. त्या क्षणी आच बंद करून तेल गरम असतानाच गाळा. कल्क तसाच ठेवला तर तेलाच्या उष्णतेने तो पुढे शिजत राहतो आणि तेल करपट होतं. बाटली उन्हात वाळवलेली हवी. तेल पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नका, नाहीतर वाफेचे थेंब पुन्हा आतच.

तुळशीकट्टा:
प्राजक्ताचं माप: 10 ग्रॅम ताजी पानं धुऊन खरबरीत चेचा, 160 मिली पाण्यात घाला, 40 मिली उरेपर्यंत आटवा. या काढ्याला मंद आचच सांगितली आहे, खळखळ उकळी आणू नका. पानावर राठ लव असते म्हणून गाळणीऐवजी फडक्यातून गाळा. चव जहाल कडू, रिकाम्या पोटी मळमळतं. फुलांचा इथे उपयोग नाही. त्यांच्या केशरी देठांनी पूर्वी कापड रंगवत, ते वेगळं. आणि पाय बधिर झाला, पाऊल उचलेना किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर काढ्यात एक दिवसही घालवू नका, लगेच इस्पितळ गाठा.

शेतबांध:
अडुळशाचं पान कोरडं, नुसतं वाटून हाताला काही लागत नाही. म्हणून त्याचा पुटपाक करतात: वाटलेला गोळा पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात घालायचा. घरी इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा आणि गरम आहे तोवर स्वच्छ पंचात घालून पिळा. मोठ्या माणसाला 10 मिली रस, निवल्यावर चमचाभर मध. गरोदर बाईला अजिबात नको, अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याने गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

अंगणवेल:
सदाफुली बंद केली, तपासणी उद्याच करतो. तेलाबद्दल अजून एक: विकतचं जास्वंदी तेल लालभडक असतं, माझं कधीच होत नाही. फुलं कमी पडतात का?

रसशाळा:
नाही. जास्वंदीचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. लालभडक तेलात रंग वेगळा घातलेला असतो, बहुधा रतनजोत, म्हणजे तेलाला लाल रंग देणारी मुळी. पानं घातलीत तर तेल हिरवट होईल, कारण पानाचा हिरवा रंग तेलात उतरतो. फुलाचा बुळबुळीतपणाही पाण्यातच उतरतो, म्हणून केस मऊ व्हावेत असं वाटत असेल तर तेलावर भिस्त ठेवू नका. मूठभर कोवळी पानं तांब्याभर पाण्यात हाताने चोळा, बुळका सुटला की फडक्यातून गाळा आणि शिकेकाईनंतर त्याने केस धुवा. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी आंबतं.