विषय: हॉल सांभाळणाऱ्या पोर्तेराबाईंच्या निरोपाचा केक (तातडीचे)

सप्रेम नमस्कार. केकवरचा मजकूर उद्या दुपारपर्यंत पास्तेलारियाला (केकच्या दुकानाला) कळवायचा आहे. मागच्या बैठकीत ‘अदेउश’ हा पोर्तुगीज निरोपाचा शब्द ठरला होता. कोणाची हरकत असल्यास आजच सांगावी.
– सचिव

हरकत आहे. ‘अदेउश’ म्हणजे मुळात ‘देवाच्या हवाली’, आणि लिस्बनमध्ये तो शब्द कानाला जड लागतो, कारण आता पुन्हा गाठ नाही असा त्याचा सूर असतो. आपल्याकडे कायमचे निघालेले माणूससुद्धा ‘येतो’ म्हणूनच उंबरा ओलांडते. ‘अते लॉगु’ लिहावे.
– अल्मादाच्या काकू

काकू, ‘अते लॉगु’ येथे बहुधा त्याच दिवशी पुन्हा भेटायचे असेल तर म्हणतात, आणि ‘अते झा’ म्हणजे तर दहा मिनिटांत आलोच. असा केक कापल्यावर बाई संध्याकाळी किल्ल्या घेऊन पुन्हा हॉलवर हजर होतील. शिवाय मजकूर ठरवणे कार्यक्रम समितीकडे आहे, हे नम्रपणे नमूद करतो.
– कार्यक्रम समिती

उत्तरेकडील खेड्यांत वयस्कर माणसे रस्त्यात भेटली तरी ‘अदेउश’ म्हणतात, आणि बाई तिकडच्याच आहेत. त्यांना त्यात काही अशुभ वाटणार नाही.
– ब्रागाहून

साओ पाउलोत असताना आम्ही सर्रास ‘चाउ’ म्हणत असू. शब्द मूळचा इटालियन असून व्हेनिसच्या बोलीत त्याचा अर्थ ‘आपला दास’ असा होता, तेव्हा नम्रतेतही तो कमी पडत नाही.
– माजी खजिनदार

केकवर ‘चाउ’ शोभत नाही, तो फोनवर ठीक. तेथेही एका ‘चाउ’वर भागत नाही, ‘एंतांव वा, चाउ, चाउ, बैझिन्युश’ हे संपेपर्यंत माझा चहा निवतो. पहिल्या वर्षी बँकेतील बाईंनी बोलणे संपवताना ‘कों लिसेन्सा’ (‘परवानगी असावी’) म्हटले, तेव्हा त्या आत येण्याची परवानगी मागत आहेत असे वाटून मी ‘या ना’ म्हणाले होते.
– अल्मादाच्या काकू

‘अते सेंप्रे’, म्हणजे ‘सदैवपर्यंत’, कसे वाटते?
– ब्रागाहून

ते श्रद्धांजलीतही छापतात. कृपया नको.
– कार्यक्रम समिती

‘अते ब्रेव’, म्हणजे लवकरच भेटू, असे कळवले आहे. गणपतीला बाई येणार असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. केक शनिवारी चार वाजता कोण आणणार, तेवढे कळवावे.
– सचिव