पुढच्या साथीत छातीच्या एक्स-रेवर एआय लावावा का?

फुफ्फुसवाला:
माझं मत, लावावा. साथीच्या सुरुवातीला आरटी-पीसीआरचा रिपोर्ट यायला दोन-दोन दिवस जातात, एक्स-रे काही मिनिटांत निघतो. क्षयरोगाच्या तपासणीत १५ वर्षांवरच्यांसाठी अशी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हिरवा कंदील दिलाय. पालिका रुग्णालयांत आत्ताच बसवून ठेवा.

उलटतपासणी:
असहमत. क्षयाचे थुंकीच्या तपासणीने पक्के झालेले ढीगभर एक्स-रे होते. नव्या रोगाचे पहिल्या महिन्यात कुठून आणणार? केंब्रिजच्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रे-सीटीवरून कोविड ओळखणाऱ्या २०२० मधल्या एआय मॉडेल्सचे ६२ शोधनिबंध बारकाईने तपासले. प्रत्यक्ष उपचारात वापरण्याजोगं एकही निघालं नाही. काहींनी ‘कोविड नसलेले’ म्हणून १ ते ५ वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घातले होते. मॉडेल शिकलं काय, तर मूल आणि मोठा माणूस ओळखायला! शिवाय अत्यवस्थ रुग्णाचा एक्स-रे खाटेवरच, समोरून काढतात. त्यात हृदय मोठं दिसतं. चालत आलेल्याचा उभ्याने, पाठीकडून. मॉडेल रोगाऐवजी हाच फरक पकडून बसतं.

फुफ्फुसवाला:
निदान नको हो, आधी कोणाला बघायचं एवढंच ठरवायचंय.

उलटतपासणी:
मग गणित करा. सेन्सिटिव्हिटी (बाधितांपैकी किती पकडले) ९०%, स्पेसिफिसिटी (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) ८०% धरू. हजारात बाधित १०. नऊ सापडतील, पण ९९० निरोग्यांपैकी १९८ जणांवरही लाल खूण पडेल. एवढ्यांना ठेवणार कुठे?

फिल्मरूम:
गणित बरोबर, जागा चुकली. हा हिशेब घरोघरच्या तपासणीचा झाला. ताप-खोकल्याच्या ओपीडीत हजारात ३०० बाधित असतील, तर २७० खऱ्या खुणा आणि १४० खोट्या. तीनातल्या जवळपास दोन खऱ्या; चालण्यासारखं आहे. फक्त पहिल्या काही दिवसांत एक्स-रे स्वच्छ असू शकतो, तेव्हा खूण नाही म्हणून कोणाला घरी धाडू नका.

खरी बोंब पुढेच. फिल्म व्ह्यूबॉक्सवर (मागून उजेड देणाऱ्या पेटीवर) लावून मोबाइलने फोटो मारतात: कडा कापलेली, मधोमध ट्यूबलाइटची चमक. डायकॉम फाइल (एक्स-रेची मूळ डिजिटल प्रतिमा) मशीनमधून थेट जायला हवी. आणि कटऑफ (किती गुणांपासून लाल खूण द्यायची ती मर्यादा) कंपनीने दिलेला तसाच ठेवायचा नाही. आपल्याच ओपीडीतले, पीसीआर रिपोर्ट आलेले एक्स-रे घेऊन ठरवायचा. मशीन बदललं की पुन्हा.

नाल्याकाठी:
तुम्ही सगळे रुग्ण दारात आल्यानंतरचं बोलताय. मुंबईत पोलिओसाठी २००१ पासून सांडपाणी तपासतात. पैसा तिकडे वळवा.

फिल्मरूम:
पोलिओचा विषाणू ओळखीचा होता. नव्याचा जनुकक्रम हाती आल्याशिवाय पीसीआरचा प्रायमर (विषाणूचा जनुक पकडणारा छोटा डीएनए तुकडा) बनत नाही. आणि पावसाळ्यात नाल्यातलं पाणी वाढून नमुना पातळ होतो, तो हिशेबही धरावा लागतो.

उलटतपासणी:
कटऑफची अट मान्य. पण पीसीआर झालेले पुरेसे एक्स-रे जमेपर्यंत सॉफ्टवेअर मागे चालू द्या, निकाल डॉक्टरला दाखवू नका. लाल खूण दिसली की तपासणाऱ्याची नजर तिकडेच जाते. आधी डॉक्टरने आपलं मत लिहायचं, मग दोन्ही ताडून बघायचं.

फुफ्फुसवाला:
म्हणजे ऐन गर्दीत निकाल हातात असून झाकून ठेवायचा? हे मला पटत नाही.