‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ हे शिकवणं बंद करावं का?

खडूफळा:
नववीला इंग्रजी शिकवते. काल ‘आईने चहा केला’ याचं इंग्रजी विचारलं. एका मुलीने लिहिलं, ‘टी वॉज मेड बाय मदर’. का, तर म्हणाली, ‘बाई, ‘ने’ आला की ‘बाय’. आणि हा कर्मणी प्रयोगच आहे ना?’ मराठीच्या तासाला ती बरोबरच शिकली आहे. चहा केला, भाकरी केली, थालीपीठ केलं: क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं. पण इंग्रजीत हे सरळ ‘मदर मेड टी’, म्हणजे ॲक्टिव्ह. ही जोडी फळ्यावरून कायमची पुसा, असं माझं ठाम मत आहे.

ओसरी:
नाही पटलं. मराठीचा आधार काढून घेतलात तर पोरांनी धरायचं काय? दोष जोडीचा नाही, उदाहरणाचा आहे. ‘चोर पकडला गेला’ घ्या. ‘द थीफ वॉज कॉट’. ‘गेला’च्या जागी ‘वॉज’, सोबत क्रियापदाचं तिसरं रूप. ‘रस्ता बांधला जातोय’ म्हणजे ‘इज बीइंग बिल्ट’. मराठी व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात. पॅसिव्ह त्याच्याशी जोडा, ‘ने’वाल्या वाक्याशी नको.

खडूफळा:
चोराचं वाक्य मान्य. पण पुस्तकांत ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असतं. असं घरात कोण बोलतं? इंग्रजी वळणाचं वाक्य घेऊन इंग्रजी समजावण्यात काय हशील?

दोनअंकी:
माझा राग वेगळाच आहे. ‘आय ॲम रायटिंग अ लेटर’ उलटवून ‘अ लेटर इज बीइंग रिटन बाय मी’. असली वाक्यं मुलं वहीभर लिहितात, आणि पॅसिव्ह कधी वापरायचा हे कुणी सांगत नाही. गाडी चोरीला गेली, चोर कोण ते माहीत नाही, म्हणून ‘माय बाइक वॉज स्टोलन’. इथे ‘बाय’ लागतच नाही!

ओसरी:
उलटवण्याचा सराव मात्र सोडू नका हो. त्याशिवाय ‘बी’ची रूपं जिभेवर बसत नाहीत. ‘द रोड इज बिल्डिंग’ लिहिणारी मुलं मी दर वर्षी बघतो.

दोनअंकी:
आणि ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ लिहिणारी? ती त्याच सरावातून येतात. जे दिसेल ते उलटवायचं! ‘हॅपन’, ‘स्लीप’ ही अकर्मक क्रियापदं. कर्मच नाही, तर पुढे आणणार काय? आधी ‘काय?’, ‘कोणाला?’ विचारून कर्म शोधायला लावा, मग उलटवा.

खडूफळा:
हे उद्याच करते. चोराच्या वाक्यापासून सुरुवात. ‘ने’ म्हणजे ‘बाय’ मात्र माझ्या फळ्यावर येणार नाही.