रोजच्या डब्यासाठी ब्रेड कोणता घ्यावा आणि त्यात काय भरावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. यजमान शिरोली एमआयडीसीत सकाळी सातच्या पाळीला जातात, मुलगी आठवीत आहे आणि मीही नोकरी करते, त्यामुळे तिन्ही डबे सकाळी सव्वासहाच्या आत भरून व्हावे लागतात. पोळी-भाजी रोज जमतेच असे नाही, म्हणून गेले वर्षभर आठवड्यातून तीन दिवस तरी डब्यात सँडविच असते. पांढऱ्या ब्रेडपेक्षा चांगला म्हणून मी जास्त पैसे देऊन ब्राऊन ब्रेड आणत होते. परवा मुलीने पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा कळले की त्यात पहिले नाव मैद्याचे आहे आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा आहे. मला खरोखर वाईट वाटले, कारण हा ब्रेड मी मधुमेह असलेल्या मामंजींनाही देत होते.

खरा गव्हाच्या पिठाचा ब्रेड ओळखावा कसा? आणि लोणी, जॅम, मेयोनीज, चीज यांच्याऐवजी आत काय भरावे, की जे दुपारपर्यंत ओले होणार नाही आणि उन्हाळ्यात खराबही होणार नाही?

पहिला प्रतिसाद

ताई, आमच्या घरी दोन पिढ्या बेकरीचा व्यवसाय होता, म्हणून सविस्तर लिहितो.

पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सर्वांत जास्त, ते पहिले. त्यामुळे दर्शनी बाजूला काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व न देता मागचे पहिले नाव पाहावे. तेथे ‘आटा’ किंवा ‘होल व्हीट फ्लोअर’ असेल तर तो गव्हाच्या पूर्ण पिठाचा. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ किंवा नुसते ‘व्हीट फ्लोअर’ असे असेल तर तो मैदा समजावा, कारण मैदाही गव्हाचाच असतो आणि या शब्दांनी अनेकांची फसगत होते. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या ब्रेडचेही तेच. वर तीळ-जवस पेरलेले असतात आणि आत बहुतांशी मैदा असू शकतो. दुसरी खूण तंतूंची. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे तंतू २ ते ३ ग्रॅम असतील तर ब्रेड मैद्याचा. पूर्ण पिठाच्या ब्रेडमध्ये ते ६ ग्रॅमच्या आसपास असतात.

बेकरीवाले मैदा का वापरतात, हेही समजून घ्यायला हवे. ब्रेड फुगतो तो पिठातल्या चिवट ग्लुटेनच्या जाळ्यामुळे. कोंड्याचे कण ते जाळे तोडतात, म्हणून पूर्ण पिठाचा ब्रेड बुटका, जड आणि थोडा भरभरीत होतो. गिऱ्हाइकाने दाबून पाहिले की त्याला तो शिळा वाटतो. म्हणूनच कापसासारखा मऊ ब्राऊन ब्रेड दिसला, तर यादी वाचल्याशिवाय घेऊ नये.

सुट्या ब्रेडवर यादी नसते. तेथे बेकरीत सरळ विचारावे की आटा किती आणि मैदा किती. ‘ब्रोमेट नसलेला’ असे काही पाकिटांवर लिहिलेले दिसते, त्याचाही खुलासा करतो. ब्रोमेट म्हणजे ब्रेड चांगला फुगावा म्हणून पिठात घातले जाणारे रसायन. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट व आयोडेटचे अंश आढळल्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी घातली. तेव्हा ते नसणे हा आता नियम आहे, त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मिठाकडे मात्र कोणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. तक्त्यात मीठ सोडियमच्या रूपात दिलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. चार स्लाइसमध्येच तेवढे पोटात जाऊ शकते आणि चीज, लोणी, चटणी त्यावर वेगळी.

दुसरा प्रतिसाद

मी शाळेत गृहविज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. ब्रेडबद्दल वरील दादांनी लिहिले ते योग्यच आहे, परंतु माझ्या मते डब्याचा कस आतल्या सारणावर ठरतो. जॅममध्ये निम्म्याहून अधिक साखर असते आणि नेहमीच्या मेयोनीजमध्ये बहुतांश तेल. त्यांनी पोट भरल्यासारखे वाटते, पण मुलीच्या वाढीला लागणारी प्रथिने मिळत नाहीत.

आपल्याकडे याला पर्याय घरातच आहेत. कोरडा, मोकळा झुणका हे सँडविचसाठी उत्तम सारण आहे. बेसनात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तो रात्री करून ठेवता येतो आणि ब्रेड भिजवत नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ पाणी पूर्ण आटवून, थोडी ठेचून भरावी. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेडच खातात, त्यामुळे ही चव मुलांना परकी वाटणार नाही. लोण्याऐवजी घट्ट चक्क्यात शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी कालवून तिचा थर द्यावा. कांदा-लसूण चटणी घालायची झाल्यास अगदी बेताने, कारण तिच्यात मीठ आणि तेल दोन्ही बरेच असते.

ब्रेड ओला होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. गरम सारण भरून लगेच डबा बंद केला की वाफेचे पाणी सुटते, म्हणून ते आधी पूर्ण निवू द्यावे. दुसरे म्हणजे काकडी-टोमॅटो. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकावा, काकडीला मीठ लावू नये आणि शक्य असल्यास दोन्ही वेगळ्या डबीत द्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत अंडे, पनीर आणि चक्का डब्यात देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. असे पदार्थ उघड्या हवेच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि ३२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात एक तासही पुष्कळ झाला. तुमचे डबे सव्वासहाला भरले जातात आणि मुलगी दुपारी खाते, हे अंतर फार आहे. त्या दिवसांत कोरडी चटणी आणि झुणकाच बरा. चटणी तेव्हा चक्क्याऐवजी थोड्या तेलात कालवावी.

तिसरा प्रतिसाद

माझे मत थोडे वेगळे आहे. तीन दिवसांपैकी एक दिवस तरी ब्रेड सोडून पाहावा. नाचणी आपल्या जिल्ह्यात आजरा, चंदगड, राधानगरीकडे पिकते आणि तिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आठवीतल्या मुलीसाठी हे महत्त्वाचे आहे. नाचणीचे पीठ घातलेली आंबोळी दुपारपर्यंत मऊ राहते. भाकरी डब्यात कडक होते ही तक्रार खरी आहे, पण पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले आणि भाकरी गरम असतानाच सुती कापडात गुंडाळली, तर ती बरीच नरम राहते.

मामंजींबद्दल एवढेच सांगेन की आट्याचा ब्रेड असो वा ज्वारीची भाकरी, पिष्टमय पदार्थ दोन्हींत आहेत, म्हणून किती खायचे हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि घरी पोळ्यांचे पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकत असाल, तर ते आधी थांबवा. ब्रेडमध्ये आपण जो कोंडा शोधतो आहोत, तो घरी फेकला जातो.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या गल्लीतल्या बेकरीत विचारले, तेव्हा मालकांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांच्या ब्राऊन ब्रेडमध्ये आटा चौथा हिस्साच असतो. आदल्या दिवशी सांगितल्यास पूर्ण आट्याचा एक ब्रेड भाजून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. झुणक्याचे सँडविच दोनदा दिले. मुलीने पहिल्या दिवशी अर्धे परत आणले, दुसऱ्या दिवशी झुणक्यात कोथिंबीर आणि लिंबू वाढवले तेव्हा डबा संपला. पीठ चाळणे बंद केले आहे.

एक अडचण उरली आहे. हा ब्रेड दुसऱ्याच दिवशी कडक होतो आणि पावसाळी हवेत बाहेर ठेवला तर तिसऱ्या दिवशी त्याला बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी कोरडा पडतो. काय करावे?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडून

ताई, फ्रिजच्या थंडाव्यात ब्रेडमधला स्टार्च लवकर घट्ट होतो, म्हणून तेथे तो बाहेरच्यापेक्षाही लवकर शिळा होतो. ब्रेड आणल्या दिवशीच पूर्ण निवल्यावर कापावा आणि चार-चार स्लाइस पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवावेत. सकाळी ते तसेच काढून तव्यावर अर्धा-अर्धा मिनिट शेकले की ताज्यासारखे होतात. मग जाळीवर निववून सारण भरावे. बुरशी दिसल्यास मात्र तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नये. ब्रेड सच्छिद्र असल्याने बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते, तेव्हा पूर्ण ब्रेड टाकून द्यावा.